राजमा आधी खळखळून उकळू दे

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार. लग्नानंतर मी डॅलसजवळ राहते. आम्ही दोघंही नोकरी करतो, मुलगी पाच वर्षांची आहे. संध्याकाळी दमून घरी आल्यावर गरम जेवण तयार असावं म्हणून हौसेनं स्लो कुकर (मंद आचेवर तासन् तास शिजवणारं विजेचं भांडं) घेतला आणि पहिलाच पदार्थ केला तो चिली, म्हणजे इथला मांस-मिरचीचा रस्सा. रात्रभर भिजवलेला राजमा, टर्कीचा खिमा (फ्रीझरमधला गोळा तसाच), चिरलेला कांदा, टोमॅटोचा डबा, पाककृतीत लिहिली होती तशी तीन मोठे चमचे चिली पावडर म्हणून घरातलंच लाल तिखट आणि भांडंभर पाणी, असं सगळं एकदम घातलं, 'लो'वर ठेवलं आणि कामावर गेले. आठ तासांनी येऊन बघते तर राजमा कचकचीत, वर पाण्याचा थर, आणि तिखट इतकं की मुलीनं एक घास तोंडात घेतला तो थुंकूनच टाकला. टाकवेना म्हणून आम्ही दोघांनी खाल्लं. दोन तासांत दोघांनाही उलट्या सुरू झाल्या, सकाळपर्यंत बरं वाटलं. नवरा म्हणतो, कुकर परत करून टाक. सांगलीहून सासूबाई फोनवर म्हणाल्या, "राजम्याला शिट्ट्या काढायच्या सोडून हे काय खूळ?" पुढच्या महिन्यात आमच्या ऑफिसात चिलीची स्पर्धा आहे आणि मी नाव देऊन बसलेय. काय चुकलं? आणि आता नाव मागे घेऊ का?
— डॅलसकर

उत्तर

प्रिय डॅलसकर,

नाव मागे घेऊ नकोस आणि कुकरही परत करू नकोस. पण चवीचं नंतर बघू. आधी त्या रात्रीच्या उलट्यांचं बोलू, कारण मुलीनं तो घास थुंकला ते फार बरं झालं.

लाल राजम्याच्या कच्च्या दाण्यात फायटोहीमॅग्लुटिनिन नावाचं एक प्रथिन असतं. ते पोटात गेलं की एक ते तीन तासांत मळमळ आणि जोराच्या उलट्या सुरू होतात, पाठोपाठ जुलाब होऊ शकतात, पोटात कळा येऊ शकतात, आणि बहुतेकांना त्यानंतर तीन-चार तासांत उतार पडतो. एवढं व्हायला चार-पाच कच्चे दाणेही पुरतात. तुम्हा दोघांचा त्रास याच चालीनं आला आणि गेला. मी डॉक्टर नाही, आणि गोठलेल्या खिम्यावरही संशय घ्यायला जागा आहे, त्याकडे येतेच. पण दाणे कचकचीत आणि दोन तासांत उलट्या, हे दोन्ही एकत्र ऐकल्यावर माझं बोट पहिल्यांदा राजम्याकडेच जातं.

हे प्रथिन खळखळत्या उकळीनं मोडतं, मंद आचेनं मोडत नाही. अमेरिकेच्या अन्न-औषध खात्यानं, एफडीएनं, तर लिहून ठेवलंय की जेमतेम ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला राजमा कच्च्यापेक्षाही पाचपट घातक ठरू शकतो. आणि स्लो कुकरमध्ये शिजवलेल्या पदार्थांचं आतलं तापमान मोजून पाहिलं तेव्हा ते अनेकदा ७५ अंशांपर्यंतच गेलेलं आढळलं. म्हणजे तुझा राजमा दिवसभर नेमका नको त्या उष्णतेत बसून राहिला असणार. आणखी दोन-तीन तास ठेवला असतास तर कदाचित मऊ झाला असता, पण मऊ झाला म्हणजे निर्धोक झाला असं नाही. म्हणून 'पुढच्या वेळी दहा तास ठेवीन' हा विचार मनात आला असेल तर तो आत्ताच काढून टाक.

उपाय अगदी सोपा आहे. राजमा किमान पाच तास, जमलं तर रात्रभर भिजव. ते पाणी फेकून दे. ताज्या पाण्यात घालून मोठ्या आचेवर उकळ, आणि उकळी फुटल्यापासून अर्धा तास मोज. भांड्याच्या कडेनं बारीक बुडबुडे यायला लागले की आपण 'उकळलं' म्हणतो, ते इथं चालणार नाही. दाणे तळातून वर येऊन पुन्हा खाली जाताना दिसले पाहिजेत, पाण्याचा पृष्ठभाग सतत फुटत राहिला पाहिजे. अर्ध्या तासानंतरही दाणा बोटांनी सहज चिरडला जात नसेल तर तो मऊ होईपर्यंत शिजू दे. त्यानंतरच त्यानं स्लो कुकरचं तोंड बघायचं.

आणि आता सासूबाईंना फोन कर, कारण त्या बरोबर आहेत. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, तिथं त्या प्रथिनाचा टिकाव लागत नाही. भिजवलेल्या राजम्याला पाच-सहा शिट्ट्या काढ, दाबून बघ, की तुझं अर्धं काम झालं. राजमा जुना असेल तर दोन शिट्ट्या जास्त. एवढाही वेळ नसेल त्या दिवशी डब्यातला शिजवलेला राजमा आण. तो डब्यातच पुरता शिजलेला असतो, चाळणीत धुऊन निथळला की झालं. साधारण ३०० ग्रॅम कोरडा राजमा शिजल्यावर नेहमीच्या अडीच-तीन डब्यांइतका होतो. घरी भिजवलेल्याची चव मला सरस वाटते, पण नोकरीच्या दिवशी डबा उघडण्यात कमीपणा काही नाही.

स्लो कुकर म्हणजे चुलीचा वैल समज. वैलावर कुणी कच्ची डाळ शिजत घालत नाही. मुख्य चुलीवर उकळी आलेली आमटी तिथं सरकवायची, ती मुरते आणि गरम राहते. तुझ्या कुकरचंही तसंच आहे. कमी वॅटची तार भांड्याच्या भोवतीनं गुंडाळलेली असते, आतलं मातीचं जाड भांडं सावकाश तापतं आणि झाकणामुळे वाफ आतच राहते. शिकागोच्या अर्विंग नॅक्सन यांना या भांड्याचं पेटंट १९४० साली मिळालं. त्यांच्या आईनं त्यांना लिथुएनियातली गोष्ट सांगितली होती: ज्यू लोकांच्या शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, घरात विस्तव पेटवायचा नाही, म्हणून शुक्रवारी चोलेंट नावाच्या रश्श्याचं भांडं गावातल्या बेकरीत नेऊन द्यायचं आणि विझत आलेल्या भट्टीच्या धगीत ते रात्रभर मुरायचं. नॅक्सन यांचं यंत्र 'बीनरी' नावानं विकलं जायचं. पुढे रायव्हल कंपनीनं त्यांचा धंदा घेतला आणि १९७१ मध्ये तेच यंत्र 'क्रॉक-पॉट' म्हणून घरोघरी गेलं. मूळ कल्पनाच धगीची आहे, जाळाची नाही. म्हणून जाळाचं काम तू आधी गॅसवर उरकायचंस आणि मुरवण्याचं काम त्याच्यावर सोपवायचं. तुझ्या पत्रातल्या बाकीच्या सगळ्या तक्रारी याच एका गोष्टीतून आल्यात.

राजमा कचकचीत राहण्यात टोमॅटोचाही हात आहे. आंबट पाण्यात कडधान्याची सालं घट्ट होतात, आतपर्यंत पाणी शिरत नाही. चिंच-कोकम आमटीत शेवटी घालतात ते उगाच नाही. तेव्हा राजमा पूर्ण मऊ झाल्यावरच टोमॅटो. मिठाला मात्र घाबरू नकोस. भिजवतानाच पाण्यात चमचाभर मीठ घातलंस तर साल उलट मऊ पडते आणि दाणा आतून अळणी लागत नाही.

खिम्याचा गोठलेला गोळा कुकरात घालायचा नाही, हे कायमचं लक्षात ठेव. कुकर सावकाश तापतो आणि मधला बर्फ वितळेपर्यंत मांस ४ ते ६० अंशांच्या पट्ट्यात तासन् तास पडून राहतं. जंतूंना तेच हवं असतं. खिमा आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून खालच्या कप्प्यात ठेव. सकाळी जाड बुडाच्या कढईत थोड्या तेलावर पसरून टाक आणि पहिली तीन-चार मिनिटं हात लावू नकोस. त्याला पाणी सुटेल, मग ते आटेल, मग तडतड ऐकू येईल आणि खालची बाजू तांबूस होईल. तेव्हा उलथन्यानं सोडवून परत. पूर्ण शिजू दे. अर्धवट परतून 'बाकीचं संध्याकाळी' असं मांसाच्या बाबतीत करू नये. टर्की घेताना पांढऱ्या छातीच्या मांसाऐवजी मांडीच्या मांसाचा खिमा बघ, कारण छातीचा खिमा सहा तासांनी भुशासारखा कोरडा लागतो.

आता तिखटाकडे येऊ. अमेरिकेतल्या दुकानात चिली पावडर म्हणून जी डबी मिळते ती मसाल्याची मिसळ असते: सौम्य मिरची, जिरं, लसणाची पूड, ओरेगानो, कधी मीठही. असं मिश्रण टेक्सासमध्ये, न्यू ब्राउनफेल्स गावात, विल्यम गेबहार्ट या जर्मन गृहस्थांनी १८९० च्या दशकात बाजारात आणलं. त्याचे तीन मोठे चमचे हिशोबात बसतात. तू घातलंस ते नुसत्या मिरचीचं लाल तिखट, त्याचे तीन मोठे चमचे म्हणजे पोरीनं थुंकलं यात तिचा काय दोष? वर जिरं-ओरेगानो पडलंच नाही, त्यामुळे तिखटापलीकडे चवच नव्हती. माझ्या मते त्या डबीच्याही नादी लागू नकोस. तू टेक्सासमध्ये आहेस, कुठल्याही मेक्सिकन वाणसामानाच्या दुकानात अख्ख्या वाळलेल्या मिरच्या मिळतील, आणि वाटण करायचं आपल्याला कुणी शिकवायला नको.

दोन मिरच्या शोध. एक आंचो: रुंद, सुरकुतलेली, जवळजवळ काळी दिसते पण उजेडाला धरली तर आतून गडद लाल. पिकलेली पोब्लानो मिरची वाळवून ती करतात. दुसरी ग्वाहियो: लांब, गुळगुळीत, चकचकीत सालीची. प्रत्येकी चार-पाच घे. देठ मोडून उभी चीर दे, बिया झटकून टाक. तवा मध्यम तापव, मिरची सपाट पसर आणि उलथन्यानं दाब. वीस सेकंदांत साल जरा फुगते, रंग उजळतो आणि मनुकांसारखा गोडसर वास येतो. तोच उलटायचा क्षण. धूर दिसला तर ती मिरची बाजूला काढ, कारण एक जळकी मिरची सगळ्या भांड्याला कडवटपणा आणते आणि तो नंतर कशानंही जात नाही. भाजलेल्या मिरच्या कढत पाण्यात वीस मिनिटं भिजवून, सात-आठ लसूण पाकळ्यांबरोबर मिक्सरमध्ये गंधासारख्या वाट. ग्वाहियोची साल चिवट असते, म्हणून वाटण गाळणीतून काढ. धुराची चव हवी असेल तर डब्यातली एक चिपोतले मिरची वाटणात टाक, एकच. ग्वाहियो नाहीच मिळाली तर आपली ब्याडगी चालते, रंग सुरेख येतो. लवंगी मिरची मात्र या कामाला नको.

मग नेहमीसारखं: दोन मोठे कांदे बारीक चिरून तांबूस परत, त्यात दीड मोठा चमचा ताजी भाजून कुटलेली जिरेपूड आणि चमचाभर मेक्सिकन ओरेगानो हातावर चोळून घाल, मग वाटण घालून तेल सुटेपर्यंत परत. कुकरात कांदा कधीच तांबूस होत नाही, वाफेत नुसता लिबलिबीत होतो, म्हणून हे कढईतच. टोमॅटोचा एक डबा घालून पाच मिनिटं रटरटू दे. गरम मसाला आणि धनेपूड घालायचा मोह होईल, तो आवर. घातलीस तर झकास राजमा-रस्सा होईल, पण चिली राहणार नाही, आणि तुझ्या ऑफिसात परीक्षक चिली शोधत येणार आहेत.

पाण्याचं प्रमाण: कुकरातून वाफ बाहेर जात नाही, त्यामुळे जेवढं घालशील तेवढं तसंच राहतं, वर कांदा-टोमॅटोचं पाणी सुटतं ते वेगळं. किलोभर खिमा आणि ३०० ग्रॅम राजम्याला दीड कप गरम पाणी किंवा सूप खूप झालं. गरमच घाल. भांडं अर्ध्याहून जास्त आणि दोन तृतीयांशाहून कमी भरलेलं असावं; साधारण सहा लिटरच्या कुकरात हे माप बरोबर बसतं. सगळं आधीच शिजलेलं आणि गरम असल्यामुळे 'लो'वर पाच-सहा तास पुरे, 'हाय'वर तीन. तुम्ही नऊ-दहा तास बाहेर असाल तर वेळ संपल्यावर आपोआप 'वॉर्म'वर जाणारा कुकर हवा. मधे झाकण उघडून बघायचं नाही. एकदा उघडलं की गेलेली उष्णता भरून यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. आणि दिवसा कधी वीज गेलेली कळली, किती वेळ गेली होती ते समजत नसेल, तर ते भांडं सरळ टाकून दे. टाकताना जीव हळहळतो हे मला ठाऊक आहे, तरीही टाकून दे.

सकाळी एवढं सगळं जमणार नाही म्हणशील. बरोबर आहे. राजमा आणि मिरचीचं वाटण आदल्या रात्री करून ठेव, खिमाही पूर्ण शिजवून वेगळ्या डब्यात गार करून फ्रिजमध्ये ठेवता येईल. सकाळी फक्त सगळं एकत्र करून गॅसवर उकळी आण आणि कुकरात ओत. कुकरचं भांडं भरून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सकाळी तसंच लावायचं, हे करू नकोस. गार भांडं तापायलाच तास जातात, शिवाय तडकूही शकतं.

दाटपणासाठी शेवटच्या अर्ध्या तासात दोन मोठे चमचे मासा आरीना कोमट पाण्यात कालवून घाल. हे मक्याचं पीठ खरं, पण मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळलेला असतो, त्यामुळे रश्श्याला तोर्तियाचा, म्हणजे मेक्सिकन मक्याच्या पोळीचा, खमंग वास येतो. घरी नसेल तर पळीभर राजमा चेचून परत आत घाल. उतरवताना लिंबू पीळ आणि मीठ तेव्हाच शेवटचं बघ. मुलीला देताना वर घट्ट दही आणि चीज घाल, सोबत मक्याचा ब्रेड. मला वाटतं ती मागून घेईल.

उरलेली चिली उथळ डब्यांत काढून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाक. तीन-चार दिवस छान राहते, दुसऱ्या दिवशी तर जास्तच चांगली लागते. गरम करायची ती गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये, वाफा येईपर्यंत. स्लो कुकरमध्ये शिळं गरम करायचं नाही, कारण तेच: फार सावकाश तापतं.

शाकाहारी करायची असेल तर खिम्याऐवजी भिजवून पिळलेला सोया चुरा आणि बारीक चिरलेलं मशरूम, दोन्ही कढईत तांबूस परतून. काळा घेवडा किंवा पिंटो (ठिपकेदार राजमा) घेतलास तरी उकळीचा नियम तोच.

राहिली स्पर्धा. नाव नोंदवणाऱ्यांना आजच विचार की राजमा चालतो का. टेक्सासमध्ये हा प्रश्न पोरकट नाही. चिली ही १९७७ पासून या राज्याची अधिकृत डिश आहे, आणि तिची मुळं सॅन अँटोनियोच्या चौकांत आहेत. तिथं 'चिली क्वीन्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मेक्सिकन बायका संध्याकाळी कंदील लावून, मोठाल्या भांड्यांतून मांस-मिरचीचा हा रस्सा वाढायच्या. १९३० च्या दशकाअखेर त्यांना तिथून हटवलं गेलं. आजचे जुने टेक्सासकर चिलीत मांस आणि मिरची एवढंच धरतात. वाळवंटातल्या टर्लिंग्वा गावात १९६७ पासून चिलीच्या स्पर्धा होतात, आणि तिथल्या नियमात राजम्याला पूर्ण बंदी आहे. ऑफिसातले लोक इतके कडक नसतात, पण नियम असलाच तर आधी कळलेला बरा. बंदी असेल तर राजमा गाळ, खिम्याऐवजी टर्कीच्या मांडीचे बोराएवढे तुकडे घे आणि मिरचीचं वाटण दीडपट कर. बाकी कृती तीच. खरं सांगू, वाटणावर हात बसलेल्या माणसाला ही राजम्याविना चिली जास्त शोभते.

घरी एकदा पूर्ण रंगीत तालीम कर, तीही सुट्टीच्या दिवशी, म्हणजे तुझा कुकर किती वेळात तापतो ते समोर दिसेल. स्पर्धेच्या दिवशी चिली घरून उकळती निघू दे, झाकणाला पट्टा लाव, पोचल्याबरोबर प्लग लावून 'वॉर्म'वर टाक. भांड्यापुढे चिठ्ठी ठेव: टर्की, राजमा, कांदा, लसूण, तिखट मध्यम. टर्की न खाणारे आणि लसूण न चालणारे सहकारी ती आधी वाचतील.

तुझी,
ताई